मिस्त्रींचे सदतीस डबे

"हात दाखवा."

मिस्त्रींच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हे पहिलं वाक्य ऐकावं लागायचं. या, बसा, पाणी घेता का, हे सगळं नंतर. आपण दोन्ही हात पुढे करायचे. ते कपाळावरचा चष्मा खाली ओढणार, तळवे बघणार, हात उलटे करून नखं बघणार आणि मग एक तर "बराबर हाय" म्हणणार, नाही तर मोरीकडे बोट दाखवणार. तीर्थपुरीतल्या एका पुढाऱ्यालाही त्यांनी भज्यांचे तेलकट हात धुवायला पाठवलं होतं. तो धुऊन आला, पण पुन्हा कधी त्यांच्या दारात फिरकला नाही.

मलाही या हात दाखवण्याचा राग यायचा. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत गोदाम सांभाळण्यात माझी तीस वर्षं गेली. ओल, बुरशी, सोंडे, उंदरांच्या लेंड्या हेच रोज बघायचं आणि हाताखालच्या लोकांवर खेकसायचं. नाक मुरडणं हाच माझा धंदा होता म्हणा. दुसऱ्याची चूक काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हा सायकलवर फिरणारा माणूस माझी नखं तपासणार म्हणजे काय?

ते शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. तीर्थपुरी, घनसावंगी, जांब समर्थ, मधल्या सगळ्या वाड्या-वस्त्या. कॅरिअरला कातडी पिशवी, पिशवीत तेलाची कुपी, सुया, पट्टे. घरात उर्दू बोलायचे, आमच्याशी आपली मराठी. आमची ही तीर्थपुरीच्या घरी असायची, मी जालन्याहून सुट्टीला यायचो. तिच्या मशिनीचा धागा सारखा तुटायचा म्हणून पहिल्यांदा घरी आले आणि मशीन उघडून म्हणाले, "वहिनी, मशीन ठीक हाय. तेल घालणाऱ्याला बदला." तेल मी घालत होतो. तेव्हापासून आमची ओळख.

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडे येतो. मिस्त्रींकडे घरगुती प्रोजेक्टर होता. जालन्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरचं जुनं सामान निघालं, त्यात तो पडून होता. मिस्त्रींनी तो उचलून आणला, झिजलेल्या पट्ट्याच्या जागी शिलाई मशिनीचा पट्टा बसवला, मशिनीचंच तेल दिलं आणि चालू केला. त्यात लागणारी फिल्म करंगळीच्या नखाएवढी रुंद. आजच्या लोकांना सांगूनही पटत नाही, पण व्हिडिओ यायच्या आधी असल्या बारक्या फिल्म टपालाने विकत मिळायच्या. मुंबईच्या एका दुकानाचं यादीपुस्तक यायचं. त्यात खुणा करून पत्र टाकायचं, मग पोस्टात व्ही.पी. येणार, ती पैसे भरून सोडवून आणायची. पन्नास फुटांची फिल्म चार मिनिटांत संपायची, दोनशे फुटांची पाव तासात. तीन तासांचा सिनेमा कापून कापून पाव तासाचा केलेला, आणि तोही मुका.

त्या दुकानवाल्यांची मला अजून किळस येते. इतकी लबाड जात मी गोदामाच्या दलालांतही पाहिली नाही. यादीत रंगीत म्हणायचं आणि डब्यात काळीपांढरी पाठवायची. झाकणावरच्या चित्रात वाघाशी झुंज, आणि आत वाघ येतो, जांभई देतो, की फिल्म खलास. लांब कुठंतरी तालुक्याच्या पलीकडचा एक मिस्त्री आपलं काय वाकडं करणार, हा हिशोब. मिस्त्री मात्र दर वेळी पार्सल मांडीवर घेऊन असे बसायचे, जसं काही माहेराहून कोणी आलंय.

एकदा त्यांनी जंगलातल्या शिकारीची फिल्म मागवली. डब्यातून निघालं परदेशातलं एक गोठलेलं तळं आणि त्यावर पायांत पात्या बांधून घसरणारी माणसं. दुसरा कोणी असता तर डबा पोस्टमास्तरच्या टेबलावर आपटला असता. मिस्त्रींनी ती फिल्म एका लग्नघरी भर दुपारी लावली. खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या, भिंतीवर धोतर ताणलेलं. बायका विचारायला लागल्या, "मिस्त्री, ते खाली पांढरं काय हाय, मीठ का?"

"मीठच हाय," मिस्त्री म्हणाले. "त्या मुलखात लई पिकतं. लोकं त्याच्यावरून घसरून घसरून बाजारला चालले."

मी नंतर त्यांना झापलं. खोटं का सांगता लोकांना? ते म्हणाले, "भाऊ, बर्फ बोललो असतो तर आणखी धा सवाल आले असते. फिल्म चार मिनिटांची हाय."

सगळ्यात जास्त चालली ती पहिलवानाची फिल्म. जुना मारधाडीचा सिनेमा, त्याचा पहिला भाग. पूर येतो, पूल खचतो, पहिलवान खलनायकाला लोळवतो आणि स्वतः पुलाच्या फळीला लोंबकळतो. तिथं फिल्म संपते. दुसरा भाग वेगळा विकत घ्यायचा. मिस्त्रींनी तो तीनदा मागवला. एकदा माशांची फिल्म आली, एकदा कुठल्याशा राजाची मिरवणूक, आणि तिसऱ्यांदा पहिलाच भाग पुन्हा आला, तोही मध्येच जळालेला. त्यांनी तो डबा दुकानाला परत धाडला, सोबत पत्र घातलं. उत्तर नाही. थुंकावंसं वाटायचं मला त्या पत्त्यावर.

पण पहिलवानाला लोंबकळत ठेवून मिस्त्रींनी कधी लोकांना उठू दिलं नाही. पुढची गोष्ट ते तोंडाने सांगायचे, आणि समोर कोण बसलंय ते बघून सांगायचे. लग्नघर असलं की पहिलवान वर चढून लग्न करायचा. बारसं असलं की त्याला मुलगा व्हायचा. म्हाताऱ्या जास्त असल्या की तो पहिले आपल्या आईला पुरातून काढायचा. गावोगाव लोक भांडायचे, खरा शेवट कोणता म्हणून.

मग व्हिडिओ आला. ज्या घरांनी मिस्त्रींना जेवू घालून फिल्म दाखवायला नेलं होतं, तीच घरं त्यांना बघून हसायला लागली. "काय मिस्त्री, डबे इकले का?" मुंबईच्या दुकानाला घातलेलं शेवटचं पत्र, असा कोणी इथे राहत नाही, असा शेरा घेऊन परत आलं. घरात डबे उरले सदतीस. मुलगा म्हणायचा, भंगारात घाला. मिस्त्रींची बायको, म्हणजे आमची भाभी, माळा साफ करताना भांडी जोरात आपटायची. मिस्त्रींचं एकच उत्तर असायचं, "एक दिन कोणीतरी पुण्याहून, मुंबईहून येईल, विचारेल. तवर सांभाळायचं." यावरही लोक हसायचे. मी तर जास्तच हसायचो.

सांभाळायची त्यांची एक रीत होती. दर हिवाळ्यात ते सगळे डबे खाली काढायचे, झाकणं उघडायचे, फिल्म सावलीत बाजेवर थोड्या थोड्या उलगडून ठेवायचे आणि परत गुंडाळायचे. दोन-तीन दिवस हेच चालायचं. "हे काय करून राह्यले?" मी विचारलं, तर म्हणाले, "हवा दाखवून राह्यलो. गादीला दाखवतो का न्हाई आपण? तसंच."

आता माझ्यातला गोदामवाला जागा झाला. हवा म्हणजे ओल, ओल म्हणजे बुरशी. तीस वर्षं मी हेच घोकलेलं. मी त्यांना भाषण दिलं. म्हणालो, तुम्ही अडाणीपणा करताय, हे सगळं हवाबंद पाहिजे. बियाणं आम्ही कसं ठेवतो? चंदेरी पाकिटात घालून कडा चिकटवतो, वर्षानुवर्षं काही होत नाही. मिस्त्री ऐकत राहिले. मी शिकलेला, कंपनीत साहेब म्हणवून घेणारा. म्हणाले, "तुम्ही सांगून राह्यले तर बराबरच असंल."

मी कंपनीतून मोठी पाकिटं आणि कडा चिकटवायचं मशीन घेऊन गेलो. ते दिवस श्रावणाचे. बाहेर झड लागलेली, भिंतींना हात लावला तर ओल हाताला येत होती. मिस्त्रींनी विचारलं, "पहिले वाळवायचे का, भाऊ?" बियाणं पाकिटात घालायच्या आधी वाळवतात, हे आमच्याकडच्या हमालालाही माहीत असतं. मला मशीन संध्याकाळच्या आत परत करायचं होतं. मी म्हणालो, "काही गरज नाही."

मग त्यांनी एक डबा नाकाशी नेला. "याला जरा खट्टा वास येऊन राह्यला."

"बंद झाला की जाईल," मी म्हणालो.

एकेका पाकिटात सहा-सहा डबे, शेवटच्यात सात, असे कोंबून मी कडा चिकटवल्या. वर कंपनीची लाल चिठ्ठी लावली, 'उघडू नये'. भाभीने शिरखुर्मा केला होता. मी दोन वाट्या खाल्ला आणि घरी येऊन हिला सांगितलं की आज एका माणसाचं भलं करून आलो. पाकिटं पत्र्याखालच्या माळ्यावर गेली. जालन्याकडचे उन्हाळे तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यानंतर मिस्त्रींनी हिवाळ्यात हवा दाखवणं सोडून दिलं, कारण चिठ्ठी होती.

असे कितीतरी उन्हाळे गेले. मी रिटायर होऊन तीर्थपुरीला कायमचा येऊन राहिलो. मिस्त्रींची सायकल सुटली, हात थरथरायला लागले. मग त्यांच्याकडच्या यादीपुस्तकाचा फोटो कोणा शिक्षकाने मोबाईलवर टाकला, आणि खरोखरच पुण्याहून फोन आला. जुने सिनेमे जपणारी एक संस्था होती. पहिलवानाचा तो सिनेमा मूळचा कुठेच उरला नव्हता, म्हणाले. जळून गेला होता. कुठे एक फूटही नव्हता. तुमच्याकडे पाव तास आहे का?

"हाय," मिस्त्री म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "बोललो होतो ना?" एवढंच. मोठा माणूस असता तर गावभर पेढे वाटले असते. यांनी फक्त दाढी नीट करून घेतली आणि भाभीला कुडता कडक इस्त्री करायला सांगितला.

संस्थेची एक बाई आली. तिशीची असेल, बोलायला अगदी मऊ. मिस्त्री म्हणाले, "हात दाखवा." तिने पर्समधून पांढरे सुती हातमोजे काढले आणि घालून दोन्ही हात पुढे केले. मिस्त्री बघतच राहिले. साऱ्या हयातीत त्यांना असा माणूस भेटला नव्हता. त्यांनी भाभीला हाक मारून ते मोजे दाखवले.

पहिलं पाकीट मिस्त्रींनीच कात्रीने कापलं. कुणी डोक्यावर व्हिनेगरची बाटली ओतावी, तसा वास अंगावर आला. डोळे चुरचुरायला लागले. भाभीने ओढणी नाकाला लावली. पहिल्या डब्याचं झाकण निघेना. निघालं तेव्हा आत फिल्म नव्हती, एक आक्रसलेली, चिकटलेली, पांढरी भुकटी धरलेली चकती होती. गुळाच्या ढेपेसारखी घट्ट. बाईंनी बोट लावलं तर कडेचा तुकडा मोडून पडला. दुसरा डबा तसाच. पहिलवानाचा डबा तिसऱ्या पाकिटात होता. तोही तसाच. सदतीसच्या सदतीस उघडले, कारण मिस्त्री थांबायला तयार नव्हते.

बाईंनी हळूच विचारलं, "हे असे हवाबंद कुणी केले?"

मी समोर बसलो होतो. हातात पोह्यांची बशी. पाकिटावर लाल चिठ्ठी होती, तिच्यावर माझ्या कंपनीचं चिन्ह होतं, आणि मी पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला सारत होतो. खरं सांगू का? त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो वासाचा नव्हता आणि मिस्त्रींचाही नव्हता. घरी आमच्या हिला कळेल का, एवढाच होता.

"मीच केले," मिस्त्री म्हणाले. "मेरेकू क्या मालूम."

बाईंनी समजावून सांगितलं. असली फिल्म म्हातारी झाली की आंबट वाफ सोडते. ती बाहेर जाऊ दिली तर फिल्म आणखी कितीतरी टिकते. कोंडली तर तीच वाफ फिल्मला खाते, आणि शेजारच्यांनाही. आत ओल असली तर विचारायलाच नको. "अधूनमधून नुसती हवा लागली असती तरी..." ती म्हणाली. "आधी कशा ठेवायचात तुम्ही?"

मिस्त्रींनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "अशाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून अशाच."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. भाभी माझ्या बशीत आणखी पोहे घालायला आली. मी घेतले. घेतले आणि खाल्ले. गोदामात मेलेल्या उंदरांच्या वासात डबा खाणारा माणूस मी, पण तेव्हापासून कुणी पोह्यांची बशी पुढे केली की मी ती परत सारतो.

त्यानंतर एकदा धीर करून मी त्यांच्याकडे गेलो. "मिस्त्री, त्या डब्यांचं मला..." एवढं म्हणालो.

"वहिनींची मशीन बराबर चालून राह्यली ना?" त्यांनी विचारलं. "पट्टा ढिला झाला असंल. सांगा, मी येतो." आणि त्या थरथरत्या हातांनी दुसऱ्या दिवशी खरंच आले. तासभर पट्टा बसवत राहिले. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलो.

दीड वर्षाने ते गेले. मी कब्रस्तानात जाऊन मिट्टी दिली. डबे भंगारवाल्यानेही घेतले नाहीत, वासामुळे. मुलाने ते गावाबाहेर खड्ड्यात पुरले.

मागच्या दिवाळीनंतर पुण्याहून एक पुस्तक आलं. नष्ट झालेल्या जुन्या सिनेमांची यादी. पत्ता माझा दिलेला होता, म्हणून माझ्याकडे आलं. पहिलवानाच्या सिनेमाखाली मिस्त्रींचं पूर्ण नाव छापलंय, गावासकट, जिल्ह्यासकट. पुढे लिहिलंय: 'घरगुती आकाराची एकमेव ज्ञात प्रत यांच्याकडे होती. मालकाच्या अज्ञानामुळे व हलगर्जीपणामुळे नष्ट.' त्या लोकांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी छापलं.

पुस्तक आल्याचं भाभीला कुठून तरी कळलं. तिने बोलावणं धाडलं. तिला उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही. "भाईसाब, यांचं नाव किताबात आलं म्हणे. वाचा ना जरा."

मी पुस्तक घेऊन गेलो, पान काढलं. नाव वाचलं. गाव वाचलं. मग म्हणालो, "लिहिलंय की या सिनेमाची सगळ्या देशात एकच प्रत होती आणि ती यांनी सांभाळली."

तिने त्या पानावरून हात फिरवला. मग आतून पेन आणून माझ्या हातात दिला. "नावाच्या खाली लकीर मारून द्या. कोणी आलं तर मला दाखवता आलं पाहिजे, कुठं हाय ते." मी रेघ मारली. हात नीट होता माझा, रेघ सरळ आली.

त्याच आठवड्यात मी पुण्याला पत्र लिहिलं. धीराचं काम केलं असं वाटून घेतलं. लिहिलं की छापलेलं चूक आहे, मालक निष्काळजी नव्हते, ते दरवर्षी हवा दाखवायचे. दहा दिवसांत त्या बाईंचं उत्तर आलं. अतिशय सभ्य पत्र. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, म्हणाल्या. फक्त एवढं कळवा, मग डबे बंद करायला कुणी सांगितलं? त्या व्यक्तीचं नाव आणि तिची सही हवी.

त्या पत्राला आता तीन महिने झाले. परवा मिस्त्रींच्या नातवाच्या सासुरवाडीची माणसं आली होती, मीही होतो. भाभीने कपड्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं, रेघ शोधली आणि नातसुनेच्या भावाच्या हातात दिलं. तो टेंभुर्णीला शाळेत शिकवतो. त्याने नाव वाचलं, पुढची ओळ वाचली, पुन्हा वाचली. भाभी हसऱ्या तोंडाने त्याच्याकडे बघत होती. त्याने पुस्तक मिटलं, तिला परत दिलं आणि म्हणाला, "बहुत बडी बात आहे, दादी." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण रेघ कुणी मारली ते भाभीने त्याला आधीच सांगितलं होतं.